रोह्याच्या मामीचा मोठा माणूस

माझ्या रोह्याच्या मामीइतका टीव्हीवर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात झाला नसेल, आणि टीव्हीला तिच्याइतकं फैलावर घेणाराही झाला नसेल. बातम्या देणारी बाई नमस्कार करायची तेव्हा मामी हाताचं पीठ झटकून तिला उलट नमस्कार करायची. पण त्याच बाईने कोकणात तुरळक पाऊस सांगितला, की खिडकीकडे बोट दाखवून म्हणायची, "आधी बाहेर बघ गो जरा, मग बोल." पडद्यावर कुणी पुरुषमाणूस आला की पदर सावरायची. मालिकेतल्या खाष्ट सासवांशी तर तिचं उघड वैर होतं, त्यातली एक पुढे दुसऱ्या मालिकेत प्रेमळ आई झाली, तर मामी म्हणाली, "आता सुचलं शहाणपण!"

मी तेव्हा पेणला शाळेत शिकवत होते आणि शनिवारी दुपारची एसटी पकडून रोह्याला मामाकडे जायचे. मामा धाटावच्या कंपनीत शिफ्ट करायचा. बोलायचं काम मामीकडे सोपवून तो लग्नापासून गप्प होता. रविवारी सकाळी त्याचं एकच काम असे, कौलांवर चढून अँटेना धरायची. "दिसतंय का?" एवढं एकच वाक्य त्याच्या वाट्याला. खालून मामी ओरडायची, "मुंग्या! नुसत्या मुंग्या! जरा पलीकडं, अष्टमी गावाच्या बाजूला फिरवा!" आणि चित्र लागलं की मामाला खाली यायला सांगायचं हमखास विसरायची.

ही सगळी धावपळ एका हिंदी मालिकेसाठी असे. तिच्यात मुंबईतला एक बडा माणूस होता. हॉटेलं त्याची, बोटी त्याच्या, पेपरात रोज फोटो त्याचा. पण हा मूळचा कुठला, आईबाप कोण, हे कुणालाच माहीत नाही. सगळं स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. पांढरा सूट, काळा चष्मा. दर रविवारी कुणीतरी नवा माणूस येऊन 'मी तुझा काका', 'मी तुझा उस्ताद' म्हणायचा, आणि हा काही न बोलता खिडकीशी जाऊन समुद्राकडे बघत राहायचा. तेवढ्यात भाग संपायचा. सगळी आळी मामीच्या ओटीवर दाटीवाटीने बसून ते बघायची, आणि संपल्यावर मामीकडे बघायची. कारण मामीने पहिल्याच महिन्यात निकाल देऊन टाकला होता : "ह्यो आपल्याकडचा हाय."

मामीचं माहेर वडखळच्या पुढे, खाडीलगतच्या मिठागरावरचं. "अगो, तो समुद्र बघत नाय, भरती बघतोय," ती मला समजावायची. "शहरातला माणूस पाणी बघतो. आपला माणूस पाणी किती चढलं ते बघतो." एका भागात त्याने भल्या मोठ्या हॉटेलात काटे-चमचे बाजूला सारून हाताने मासा खाल्ला आणि मधला काटा एका झटक्यात अख्खा ओढून काढला. मामी टाळी वाजवून उठलीच. "असा काटा काढतात तो आमच्याकडं! झाला ना पुरावा?" मध्येच वीज गेली, तर ती जराही न थांबता पुढची गोष्ट अंधारल्या पडद्याकडे बघून सांगत राही. वीज आल्यावर पडद्यावर भलतंच काही चाललेलं दिसे. तेव्हा टीव्हीवाल्यांची चूक झालेली असे.

आणि एके दिवशी कळलं, की त्या बड्या माणसाचं काम करणारा नट पेणच्या बाजारपेठेत साड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला येणार. मामी पहिल्या एसटीने माझ्या दारात हजर. हातात डबा. तांदळाची भाकरी आणि सुकट. दुकानदाराची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून आम्हाला मागच्या दाराने आत घेतलं. नट पंख्याखाली चष्मा काढून बसला होता, घामाघूम. मी 'नमस्ते' म्हणेपर्यंत मामी त्याच्या समोर.

"तुम किधर का हाय? सच्ची बोलो. मिठागर का हाय ना?"

"माँजी," तो हात जोडून म्हणाला, "मैं तो कानपूर का हूँ."

मामी माझ्याकडे वळली. "शिकवून ठेवलंय त्याला," ती म्हणाली आणि डबा उघडला.

माणूस भला होता. समोर बसलेल्या बाईचा मान राखावा म्हणून त्याने सुकटीचा भलाथोरला घास घेतला. मामीच्या हातचं तिखट आमच्या घरातही जपून खातात. त्याचे डोळे भरले, नाक वाहू लागलं, गाल लालबुंद झाले. दुकानदार पाणी घेऊन धावला. मामी मात्र माझं मनगट घट्ट धरून कुजबुजली, "बघितलंस? सुकट बघून रडला!"

मी हसून हसून बेजार झाले. घरी येऊन चहा ठेवला तरी माझं हसू थांबेना. मामीही हसत होती. मग पदराने डोळे पुसून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "येडी नाय मी. कानपूरचाच तो. बोलण्यावरून कळतं की. पण माझा भाऊ असाच कुठंतरी मोठा झाला असंल ना गो?"

तिला भाऊ होता हे मला तोवर माहीतच नव्हतं. तिच्याहून धाकटा. मिठागरावर बापाने सगळ्यांदेखत मारलं म्हणून रुसून गेला, तो गेलाच. कुणी म्हणे मुंबईला, कुणी म्हणे बोटीवर. आईने वाट बघितली, मग बापाने बघितली, मग बघायला मामीच उरली. एवढं सांगून तिने चहात साखर कमी पडल्याबद्दल मला बोलून घेतलं, आणि तो विषय संपला.

पुढे ती मालिका एकाएकी बंद पडली. एका रविवारी त्या वेळेला खतांविषयीचा कार्यक्रम लागला. तो माणूस कुठला, हे न सांगताच टीव्हीवाले मोकळे झाले. आळी खवळली. मामीने शांतपणे टीव्ही बंद केला, त्यावर विणलेला रुमाल घातला आणि म्हणाली, "बसा. मी सांगते." तेव्हापासून दर रविवारी मालिका मामी सांगू लागली. मामाची कौलांवरून सुटका झाली. तो दाराशी बसून ऐकू लागला. मामीच्या मालिकेतल्या बड्या माणसाने हॉटेलं विकली, सूट उतरवला आणि खाडीकाठी बहीण राहते तिकडे यायला मोटार काढली. पनवेल झालं, पेण झालं, आणि वडखळच्या नाक्यावर गाडी अडकली.

ती अडकलीच. पुढे ट्रक, मागे ट्रक. बायका विचारायच्या, "मामी, हलली का गो गाडी?" मामी म्हणायची, "कुठली! अलिबागवाल्यांनी मध्येच गाड्या घुसवल्यान." पावसाळा गेला, गणपती गेले, तो बिचारा अजून वडखळलाच. त्या नाक्याची कीर्ती अशी होती, की कुणाला त्यात खोटं वाटलं नाही.

शेवटी मीच विचारलं, "मामी, पोचव ना त्याला एकदाचा."

ती तांदूळ निवडत होती. "पोचवला असता गो," म्हणाली. "पण दारात उभा राहिला, आणि बहिणीनं वळखलंच नाय तर?"

मामी गेली ती ध्यानीमनी नसताना, दोनेक दिवसांच्या तापाने. दिवसकार्य झाल्यावरच्या रविवारी आळीतल्या बायका सवयीने ओटीवर येऊन बसल्या. मामा आतून बाहेर आला, मामीच्या जागी बसला आणि घसा खाकरून म्हणाला, "रस्ता मोकळा झाला. काल पोचला तो."

कोपऱ्यातून एका म्हातारीने हळूच विचारलं, "बहिणीनं वळखलंन?"

"वळखलंन म्हणजे काय!" मामा म्हणाला. "लांबूनच वळखलंन. आधी दारातच उभा करून चांगला अर्धा तास बोलली त्याला." त्याने टीव्हीवरचा रुमाल सारखा केला. "मग जेवायला वाढलंन."