कातडीत उतरणारं औषध

मखमलाबादच्या मळ्यांत पुंजानानांची ओळख दोन गोष्टींसाठी होती. एक म्हणजे द्राक्षबागेवर औषध मारण्यात बसलेला हात, आणि दुसरी म्हणजे कुणावरही विश्वास न ठेवण्याचा स्वभाव. दुकानदाराने सीलबंद डबा दिला तरी नाना तो कानाशी हलवून बघत, झाकणाला नाक लावत आणि लेबल नखाने खरवडत. बायको सिंधुबाई म्हणायची, मला बघायला आले तेव्हा यांनी मलाही उजेडात धरून पाहिलं असणार. नाना या विनोदाला हसत नसत. जग आपल्याला रोज फसवतं, कधी लगेच कळतं तर कधी उशिरा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

अशा माणसाने सुनेने आणलेली मलमाची ट्यूब मुकाट्याने लावून घेतली असती तर नवलच होतं.

सून राखी कळवणची. अंबडला मलमं बनवणाऱ्या एका कारखान्यात ती पॅकिंगला होती. फवारणीची गन धरून धरून नानांची मनगटं सुजली होती आणि रात्रभर ठणका लागायचा, म्हणून डॉक्टरांना विचारून तिने ती ट्यूब आणली. साध्या बामापेक्षा यात निराळं काय, असं नानांनी विचारलं. राखीने सांगितलं की माणसाची कातडी दाट असते, वरून लावलेलं औषध बरंचसं वरच राहतं. या मलमात असं एक द्रव्य घालतात की ते कातडीचा थर जरा सैल करतं आणि औषधाला आत जायला वाट करून देतं.

"म्हंजी स्टिकर," नाना म्हणाले. फवारणीच्या पाण्यात स्टिकर घातल्याशिवाय औषध पानावर बसत नाही, थेंब होऊन ओघळून जातं. सासऱ्यांना पटकन समजलं म्हणून राखीला बरं वाटलं. समजलं होतं खरं, पण समजलं म्हणूनच ते बिचकले. द्राक्षाच्या पानाला जे घालायचं ते माणसाला कशाला, आणि तेही सुनेच्या हातून? यात काहीतरी काळंबेरं आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं.

तरी ठणक्यापुढे त्यांचा इलाज नव्हता. जेवणं उरकली की राखी त्यांच्या मनगटांना मलम चोळायची, आपले हात धुवायची आणि ट्यूब कपाटात ठेवून द्यायची. एकदा ती जाता जाता म्हणाली, "नाना, औषध लावल्यावर औषधाला हात लावू नका. आधी साबणाने हात धुवायचे, मगच." तेवढ्यात तिला सिंधुबाईने आत हाक मारली. नाना मात्र त्या वाक्याला धरून बसले. औषधाला हात लावू नका! म्हणजे ट्यूब आपण नीट पाहू नये, म्हणूनच ती कपाटात जाते. त्यांची खात्रीच पटली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी ट्यूब हळूच कपाटातून काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. रात्री राखीने विचारलं तेव्हा, आता दुखत नाही, असं सांगून टाकलं. गंमत अशी की मलमाने दुखणं थांबत होतं, त्यामुळे ते सोडवतही नव्हतं. तेव्हा लावायचं तर आपल्या हाताने आणि आपल्या वेळेला, असं त्यांनी ठरवलं. फवारणी पहाटे करतात, तेव्हा पान औषध चांगलं ओढतं. मनगटाचंही तसंच असणार. ते पहाटे उठून भरपूर मलम चोळत आणि तसेच मळ्यात जाऊन कीटकनाशक कालवायला बसत. हातमोज्यात बोटांना अंदाज येत नाही म्हणून ते कधीच मोजे घालत नसत.

थोड्याच दिवसांत त्यांना दरदरून घाम फुटू लागला. तोंडाला लाळ सुटायची, पोटात मळमळायचं, डोळ्यांपुढे अंधुक व्हायचं. कारण शोधायला नानांना लांब जावं लागलं नाही. घर त्यांच्या नावावर होतं, सुनेवर संशय घ्यायला एवढं त्यांना पुरलं. राखीने वाढलेलं ताट त्यांनी सरकवलं आणि मुलाला, दत्तूला, समोर बसवून सांगितलं, "ही बाई मला हळूहळू मारती हाय. या घरात ती ऱ्हाईल, नायतर मी."

राखी दाराशीच उभी होती. दत्तू तोंडातून शब्द न काढता खाली बघत राहिला. अशा वेळी गप्प बसणं म्हणजे बायकोला एकटीला टाकणं, पण त्याला ते कळत असतं तर काय हवं होतं. राखीने वाद घातला नाही. तिने कपडे पिशवीत भरले, सकाळच्या गाडीने कळवणला जायचं म्हणून.

सकाळी नाना मळ्यात कोसळले. त्यांना द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा पिशवी तशीच टाकून राखीही रिक्षात बसली. इंजेक्शनं झाली, सलाइन लागलं. बोलता येऊ लागल्याबरोबर नानांनी डॉक्टरीणबाईंपुढे ट्यूब धरली. आता सगळ्यांसमक्ष सुनेचं पितळ उघडं पडणार होतं.

बाईंनी ट्यूब वाचली. "हे औषध लावून तुम्ही मळ्यात काय करता?"

"औषध मारतो."

"मध्ये हात धुता?"

"ते काम झाल्यावर."

बाईंनी ट्यूब बाजूला ठेवली. मग त्यांनी समजावलं की मलमात काही खोट नाही, ही विषबाधा फवारणीच्या औषधाची आहे. उघड्या हातांवर पडलेलं कीटकनाशक तसंही अंगात जातंच. त्यात कातडी सैल करणारं मलम आधीच चोळलेलं. जी वाट मलमातल्या औषधासाठी केली, तिने विषही आत गेलं असणार. नेमकं किती, ते सांगता येत नाही, पण आणखी असंच चाललं असतं तर जीव गेला असता.

बाई गेल्यावर राखी हळू आवाजात म्हणाली, "मी फवारणीच्या औषधाला हात लावू नका म्हणत होते, नाना."

नानांना ते वाक्य लख्ख आठवलं. मलम म्हणजे औषध आणि विष म्हणजेही औषध. जन्मभर ते स्वतःच दोन्हीला तेच म्हणत आले होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंडातून निघालं ते हेच, "मंग तसं फोडून सांगायचं व्हतं."

"तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं," राखी म्हणाली. "दुकानदारालाही तुम्ही तोंडावर विचारता. मला नाही विचारलं. तुम्ही बरे होईपर्यंत मी घरी थांबेन, पथ्याचं करीन. पण यापुढे माझ्या हाताने तुम्हाला काही लावणार नाही."

नानांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. जन्मभर प्रत्येकाचा शब्द ते उलटापालटा करून पारखत आले होते. हा शब्द मात्र ऐकताक्षणी त्यांना खरा वाटला.