मुलाण्याचा हात

मी हुसेनबी. पौडच्या अलीकडं आमचं गाव, अन् गावात मुलाण्याचं घर आमचं एकच. बकरं असो न्हाईतर कोंबडं, माझ्या मालकांनी, म्हंजी आमच्या ल्योकाच्या, तारिकच्या अब्बांनी बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवल्याबिगर मराठ्यांच्या घरात सुदीक मटण शिजत न्हाई. जुनी रीत हाय ती. जत्रा आली की हाफीजभाई इकडं, हाफीजभाई तिकडं, यांच्या पायाला भिंगरी!

त्याच माणसाच्या काळजानं दगा दिला, अन् तो बी धड न्हाई. मधीच धडधड सुटायची, बेताल. घामाघूम व्हायचे, उभं ऱ्हावायचं न्हाई. एस्टीनं दवाखान्यात न्यावं, तर पोचेस्तोवर सगळं जागच्या जागी. कार्डिओग्राममदी काय बी दिसायचं न्हाई. डॉक्टर म्हणायचे, "गॅस आहे." मला त्या काळजाचाच राग यायचा. मेलं डॉक्टरला बघून गप बसतंय!

शेवटी पुण्याच्या डॉक्टरनं दिवसभर छातीला यंत्र बांधून ठेवलं, तवा चोर गावला. असल्या धडधडीत रक्ताची गुठळी व्हते, ती डोक्यात गेली की लकवा. रक्त पातळ करायची गोळी रोज खायची. पण मग हात कापला तर रक्त लवकर थांबणार न्हाई, म्हंजी सुरीचं काम बंद. दुसरा विलाज, मांडीतनं काळजापातूर तार घालून आतली खोड जाळायची. पण त्यानं धडधड परत येणारच न्हाई असं काय डॉक्टर सांगंनात, अन् गोळी बी लगेच सुटणार नव्हती.

"मी काय बैल हाय, डागून घ्यायला?" हे एस्टीत म्हणाले.

गोळी सुरू झाली. सुरी धरणार कोण? तारिक पिरंगुटला कारखान्यात, त्याला रक्त बघवत न्हाई. हे उंबऱ्यावर मनगट धरून बसायचे. धडधड आली की भ्या, न्हाई आली तर कवा येती म्हणून भ्या. मी म्हणायची, "अहो, सुरी सुटली तर सुटू द्या, गावासाठी जीव देताय व्हय?"

"सुरी सोडून जगू कसा, ते सांग." मी भांडी आपटायची.

दोन हजार सहाच्या चैत्रात जत्रा आली. जुने पाटील, दादासाहेब, दारात हजर. "हाफीजभाई, कापंल दुसरा कुनी. तुमी निस्ता हात लावा."

"निस्त्या हातानं हलाल व्हतंय? गावाला फसवू?" हे असे तडकले की पाटील निमूट गेले.

मला शंका आली. गोळ्यांचं पाकीट बघते तर भरलेलंच! जत्रेत सुरी धरायची म्हणून यांनी आपल्या मनानं गोळी बंद केलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भांडले, रडले. ऐकतील तर शप्पथ.

जत्रेच्या सकाळी देवळामागं बकरी बांधलेली, माणसं ताटकळलेली. यांनी सुरी उचलली अन् हात थांबला. ओठ पांढरे पडले. मी वळखलं, धडधड सुटली पुन्हा. सुरी मी काढून घेतली.

"अहो भाभी, बाईमाणसानं?" दादासाहेब वरडले.

"का? आमच्यात बाईला मनाई न्हाई. हे घरी नसले की तुमची कोंबडी कोण कापतं? इतकी वर्षं मिटक्या मारत खाल्ली की!"

लोक खो खो हसले. पाटलांनी फेटा सारखा केला. "मग उरका, ऊन चढतंय."

"न्हाई. आदी यांनी गोळी खायची. तवर एकबी बकरं कापायची न्हाई मी." गोळी पदरालाच बांधून आणली व्हती मी. आख्खं गाव यांच्याकडं बघाय लागलं. "खा की, हाफीजभाई!" यांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्याले, अन् माझ्याकडं न बघता भिंतीला टेकून बसले. बकरी मी कापली. दुसऱ्या दिशी तारिक त्यांना पुण्याला घेऊन गेला. तवापासनं गोळी चुकलेली न्हाई.

आता गाव येतं ते "मुलाणीन कुटं हाय?" म्हणत. "हाय की आत," हे उंबऱ्यावरनं सांगतात. धार लावायला बी मी सुरी त्यांच्या हातात देत न्हाई.

परवा म्हणाले, "तू मला वाचवलंस, व्हय. पण सुरीबिगर आता मला ठेवणार कुटं?"

मी भांडी आपटली न्हाईत. शेजारी जाऊन बसले, अन् मला रडू फुटलं.