आमच्या इवायांचं टिलर

आमच्या इवायांसारखं गिऱ्हाईक आख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरं निघायचं नाही. इवाई म्हणजे माझ्या लेकीचे सासरे, राहणार शिरड शहापूर. वस्तू वापरून पाहिल्याबिगर घ्यायची नाही, हा त्यांचा कायदा. खाट घ्यायला गेले तर दुकानातच तिच्यावर दुपारभर घोरले, आणि वर दुकानदारालाच विचारलं, "झोप लागल्याबिगर खाटंचं काय कळतं?" छत्री घेताना दुकानदाराला तिच्यावर घागरभर पाणी ओतायला लावलं. चप्पल घ्यायची म्हणजे एका पायात जुनी, एका पायात नवी घालून स्टँडपर्यंत चालत जायचं आणि परत येऊन सांगायचं, "जुनीच बरी हाय." असल्या वेळी मी दुसरीकडं बघतो. माझी शाळा थोडकी, पण चारचौघांत हसं झालेलं मला खपत नाही.

माझ्या लेकीच्या बाळंतपणाला विहीणबाई पुण्याला गेल्या, त्या दोन महिन्यांसाठी म्हणून. नातू चालायला लागला, बोलायला लागला, तरी त्या तिकडंच. घरामागच्या परसात त्यांची मेथी, वांगी, अंबाडी असायची. आता नुसतं गवत. जाताना त्या म्हणाल्या होत्या, "ही कुदळ आता माझ्यानं उचलत न्हाई." इवायांनी तेवढंच वाक्य धरून ठेवलं. माती उकरायचं हलकं मशीन आणलं की बाई परत येते, असा त्यांचा हिशेब. मला मात्र फोनवर एवढंच म्हणाले, "इवाई, छोटं टिलर बघायचं हाय, बाळापूरला या." पुसेगावला माझ्या घरात माझी वाट बघणारी एक कोंबडीसुद्धा नाही. तरी मी म्हणालो, "लई कामं हायेत, बघतो," आणि पहिल्या गाडीनं निघालो.

दुकानात सात-आठ मशीनं. आमचे इवाई ताडासारखे उंच. पण प्रत्येक मशीनपुढं गेले की गुडघे वाकवायचे, मान खांद्यात घालायची, एवढेसे व्हायचे आणि डाव्या हातानं सुरू करायची दोरी ओढायचे. हे उंच, ते जड, तिसऱ्याची दोरी कडक. तसंच वाकून हँडल धरून दुकानभर फिरले. गिऱ्हाइकं हसायला लागली. दुकानदार म्हणाला, "काका, कमरंत चमक भरली का?"

माझे कान तापले. "इवाई, सरळ उभं राहा की! काहून असं करून राहिले?"

ते वाकलेलेच राहिले. "मी न्हाई हो इवाई. इथं तुमची इहीण उभी हाय. तिचं डोकं माझ्या खांद्याला लागतं. अन् ती डावरी हाय."

त्यावर मी दुसरीकडं बघितलं नाही. दुकानदाराला दरडावलं, "हसतोस काय? हँडल आणखी खाली घे!"

सगळ्यात हलकं मशीन घेतलं, टेंपोत घालून घरी आणलं. इवायांनी पुण्याला व्हिडिओ कॉल लावून मोबाईल माझ्या हातात दिला आणि तसंच गुडघ्यात वाकून एका वाफ्यात मशीन फिरवून दाखवलं. मशीन बंद करून धापा टाकत म्हणाले, "दिसलं का? एका बोटानं चालतंय!"

विहीणबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "लई झाक हाय हो. हलकं दिसून राहिलं." मागं नातू रडला. त्या तिकडं वळल्या, पुन्हा इकडं बघितलं, आणि हळूच म्हणाल्या, "लेकराला आता इथल्याच शाळेत घातलंय. ते हँडल तुमच्या उंचीचं करून घ्या. कंबर मोडंल तुमची."

"व्हय व्हय," इवाई म्हणाले. फोन बंद झाला.

मी पाना घेतला आणि हँडलाचा नट ढिला करायला बसलो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू द्या, इवाई. हे तिचं हाय."

मग पुन्हा गुडघे वाकवले आणि राहिलेलं परस तसंच नांगरून काढलं. कंबर धरून ओट्यावर बसल्यावर म्हणाले, "माझ्यासाठी दुसरं बघावं लागंल. येत्या बाजाराला येता का?"

"येतो की," मी म्हणालो. "सकाळच्याच गाडीनं."