अरुंधती दिसत नाही, सबब अर्ज

इरा, कबीर,

परवा व्हिडिओवर आपल्या गल्लीतले नवे दिवे पाहून तुम्ही म्हणालात, "आजी, तुमच्याकडे रात्रीसुद्धा दिवसच असतो!" असतो खरा. पालिकेने अंधार पार नाहीसा केला आहे. खड्डे तेवढे ठेवले आहेत, आणि ते आता फार स्वच्छ दिसतात. या गल्लीत अगदी पहिला दिवा लागला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. एका माणसाने वाजवल्या नाहीत. विसरायच्या आत त्यांच्याबद्दल लिहून ठेवते.

शेजारचे काका रात्रीचं जेवण झालं की पंच्याला हात पुसत परसदारी यायचे, उत्तरेकडे मान वर करायचे आणि मोरीवर भांडी घासणाऱ्या काकूंना विचारायचे, "दिसली का?"

काकू हाताची राख झटकून वर बघायच्या. "दिसली हो."

"झालं तर. जाऊ द्या गाडी!"

काकांचा उभा जन्म जकात नाक्यावर कारकुनीत गेला होता. तपासल्याशिवाय त्यांनी बैलगाडी सोडली नाही, मग आकाश कसं सोडतील? सप्तर्षींमधल्या वसिष्ठाला खेटून एक बारीक चांदणी असते, ती अरुंधती. लग्नात नवऱ्या मुलीला दाखवतात ती हीच. ज्याला ती दिसेनाशी होते तो सहा महिन्यांत जातो, अशी आपल्याकडे समजूत आहे. काका असलं काही मानत नसत. फक्त रोज तपासत. पावसाळ्यात ढगांमुळे सूट असे. थंडीत ती पहाटे दिसते, तेव्हा काकूंना गाढ झोपेतून उठवून त्या जगणार असल्याची खात्री करून घेत.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. म्हणजे या सगळ्याला हसणं हे माझं कर्तव्यच होतं.

दुष्काळाचं साल होतं. नळाला पाणी मनात आलं तर येत होतं. अशा वेळी पालिकेला आमची दया आली आणि होळीच्या सुमारास तिने सावेडीच्या वाटेवरच्या आमच्या गल्लीत मर्क्युरीचा दिवा लावला. रिकाम्या घागरी लख्ख दिसू लागल्या. खांब नेमका काकांच्या परसाला लागून. वायरमन वरूनच ओरडला, "काका, आता सुई पडली तरी घावंल! लई पावर हाय!"

त्या रात्री काकांनी विचारलं, "दिसली का?"

"नाही दिसली," काकू म्हणाल्या.

काका हसले. दुसऱ्या रात्री हसले नाहीत. आठवड्याने त्यांनी काकूंना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. त्याने तर काकांची काळजी वाढलीच. कॅलेंडरवर सहा महिने मोजून त्यांनी भाद्रपदात पेन्सिलीने बारीक खूण केली, पुसली, पुन्हा केली. काकूंनी घागर उचलली की धावत येऊन हातातून घेऊ लागले. असं पूर्वी कधी घडल्याचं गल्लीच्या स्मरणात नव्हतं.

"मला अंधुक का होईना, दिसते हो बाई," एकदा कुंपणापाशी मला म्हणाले. "हिला मुळीच नाही."

मग अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. "इंग्रजीत लिहा बाई. इंग्रजी अर्ज बाजूला टाकायला हिंमत लागते." मी लिहिला : या दिव्यामुळे आमच्या परसातून अरुंधती दिसत नाही, तरी दिव्याला वरून झाकण बसवावे. पालिकेत सोबतही गेले. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्म्यावरून काकांकडे पाहिलं.

"या अरुंधतीबाई राहतात कुठे?"

"वसिष्ठांच्या शेजारी."

"आणि तुम्ही त्यांना रोज बघता? अंधारात? परसातून?"

"लग्न झाल्यापासून," काका अभिमानाने म्हणाले.

"घरी माहीत आहे का?"

"म्हणजे काय! हिलाही दाखवतो की!"

साहेबांनी शेरा मारला, अशाच प्रकारांना आळा बसावा म्हणून दिवा लावला आहे, सबब अर्ज नामंजूर. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली, अर्जात 'स्टार' एवढा एकच शब्द घालायचा राहिला होता.

संध्याकाळी हा किस्सा मी काकूंना हसत हसत सांगितला. त्या हसल्या नाहीत.

"बाई, मला ती कधीच दिसली नाही."

"कधीच म्हणजे?"

"लग्नात भटजी म्हणाले, 'दिसली म्हणा.' म्हटलं. मग हे रोज विचारायला लागले. समोर भांड्यांचा ढीग. म्हटलं, दिसली. या दिव्याने निमित्त मिळालं, वाटलं, एकदा तरी खरं बोलावं. बोलले, तर हे झोपेनातच."

"मग सगळंच सांगून टाका ना."

"इतकी वर्षं न तपासलेलाच माल सोडत आलात, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?"

चैत्रात काकांनी स्वतःच तोड काढली. काळी छत्री उघडून दिव्याच्या बाजूला तिरपी धरायची आणि तिच्या सावलीत दोघांनी उभं राहायचं. दुष्काळात, ढगाचा ठिपका नसलेल्या आकाशाखाली, साठीचं जोडपं एका छत्रीत! गल्लीची छान करमणूक झाली. सायकलवरून घरी निघालेला दूधवाला थांबून म्हणाला, "काका, तुमच्यातच पडतुया व्हय पाऊस? आमच्याकडं बी धाडा की वाईच!"

काकांनी तिकडे पाहिलंही नाही. "दिसली का?"

काकूंनी बराच वेळ वर पाहिलं. "दिसली हो. अगदी ठळक."

काकांनी छत्री मिटली. गाडी सोडायची त्या रात्री ते विसरले.

भाद्रपद आला आणि गेला. काकूंना साधी सर्दीही झाली नाही.

काका गेले त्यानंतर पाच वर्षांनी, उन्हाळ्यात, जेवणानंतर तासाभरात. मी धावत गेले तेव्हा काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकीला एकच सांगत होत्या, "अहो, पण यांना तर आत्ता दिसली होती."

मला हसू आलं नाही.

काकू पुढे बावीस वर्षं जगल्या. आता या गल्लीतून अरुंधती कुणालाच दिसत नाही, मलाही नाही. ती आहे. मीही आहे.