मुकादमाच्या नावावर पुस्तकं

रविवारी सकाळी नगरच्या एका शाळेतला वर्ग आम्हाला मिळतो. बाकं पाचवीच्या मुलांची आणि बसणारे उद्याचे ग्रंथपाल. गुडघे मावत नाहीत म्हणून अर्धे जण तिरके बसतात. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले तेव्हा घरच्यांना वाटलं, आता ही बाई शांत होईल. पण कुणावर तरी ओरडल्याशिवाय मला करमत नाही, म्हणून प्रमाणपत्राच्या या वर्गाला मी व्यवस्थापनाची तत्त्वं शिकवते. नियोजन, संघटन, समन्वय, नियंत्रण. फळ्यावर हे शब्द लिहिले की अकोले तालुक्यातून पहाटेच्या गाडीनं आलेली मुलगी जांभई देते आणि सुप्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला एकजण सरळ झोपतो. त्याला मी उठवत नाही. एवढी माया माझ्यातही आहे.

त्यातलं एक तत्त्व माझं फार लाडकं. जबाबदारी एकाच माणसावर टाकावी. चौघांवर टाकली की ती कुणाचीच राहत नाही. हे मी दरवर्षी टेबलावर हात आपटून सांगते आणि दरवर्षी डस्टर खाली पडतं.

पाथर्डीकडची एक मुलगी हे सगळं जीव लावून ऐकायची. गावातल्या वाचनालयाची किल्ली तिच्याकडे होती, पण तात्पुरती. प्रमाणपत्र मिळालं की नेमणूक पक्की होणार होती. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. तिचंही लहानपण उसाच्या फडातच गेलेलं. दिवाळीनंतर एका रविवारी नियंत्रणाचा धडा चालू असताना तिनं विचारलं, "मॅडम, वाचक सहा महिने गावातच नसला तर?"

"तर आधी पुस्तक जमा करायचं आणि मग गाडीत बसायचं," मी म्हणाले. वर्ग हसला. ती हसली नाही.

चहाच्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. ऊसतोडीच्या टोळीला नेणारा ट्रक वाचनालयापुढंच भरला होता. बायका आत येऊन म्हणाल्या, दे की एखादं पुस्तक. तिनं दिलं. मग जो मागेल त्याला दिलं. कपाटं निम्मी रिकामी झाली.

"आणि नोंद?"

"केली ना मॅडम. तुमीच सांगितलं, जबाबदारी एकाच माणसावर टाकायची. मी सगळी पुस्तकं मुकादमाच्या नावावर टाकली."

मी चहाचा कप खाली ठेवला. मुकादम म्हणजे टोळीला नेणारा आणि परत आणून सोडणारा माणूस. त्यानं जन्मात एक पुस्तक उघडलं नसेल आणि आता तो अख्ख्या तालुक्यातला सगळ्यात मोठा वाचक होऊन बसला होता. हसावं की डोक्याला हात लावावा, कळेना. मी तिला भरपूर बोलून घेतलं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "वाचनालयाच्या अध्यक्षांनी कपाटं बघितली. म्हणाले, गुढीपाडव्याला मोजणी. पुस्तकं भरली न्हाई तर किल्ली ठेव अन् घरी बस."

"मग?"

"घरी कुठं बसतीय मॅडम? पुढच्या साली अर्धा कोयता."

फडात नवराबायकोच्या जोडीला एक कोयता धरतात. एकट्या माणसाला अर्धा. तिनं हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं की माझा राग जागच्या जागी विरला. इतकी समजदार मुलगी, तिला कुणी अर्धं म्हणावं हे मला सहनच होईना.

टोळी सोनईच्या पलीकडे उतरली होती. पुढच्या रविवारी वर्ग सुटला तशी मी तिला घेऊन एसटीत बसले. वाटेत मी तिला नियंत्रणाचा उरलेला धडा शिकवला. शेजारच्या आजोबांनीही तो माना डोलवत ऐकला.

तोडलेल्या उसाच्या रानाशेजारी पाचटाच्या कोपी, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपड्या, एका ओळीत उभ्या होत्या. पुस्तकं होती, जिथं जागा मिळेल तिथं होती. कुणाच्या पिठाच्या डब्यावर, कुणाच्या गोधडीच्या घडीत, एक तर चक्क तिखटमिठाच्या डब्यांच्या रांगेत उभं. पण सगळी नव्हती. निम्मी टोळी दुसऱ्या कारखान्याकडे हलली होती आणि वाचून झालेली पुस्तकं या कोपीतून त्या कोपीत, तिथून शेजारच्या टोळ्यांमध्ये गेली होती. मुलीचा चेहरा उतरला.

तिच्या आईनं हात पदराला पुसले आणि एक पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं. पहिल्या पानावरच्या वाचनालयाच्या शिक्क्यावर तिनं बोट ठेवलं.

"मला वाचता येत न्हाई, बाई. पर ह्यो शिक्का कळतो. आपल्या गावचा हाय. सांजच्याला कुनी वाचाया बसलं की आमी बायका आदी ह्यो बघून घेतो. हितं लई दिस काढले की गाव इसरल्यावानी हुतं."

मी पुस्तक मिटून तिच्याच हातात दिलं. कोपीच्या कुडाला एक नवा कोयता अडकवलेला होता. लहानसा, मूठ अजून पांढरी. तो कुणासाठी आहे हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. लेक त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

पाडव्याच्या मोजणीला मी मुद्दाम त्यांच्या गावी गेले. टोळी आदल्याच दिवशी परतली होती. बायका पदराखालून पुस्तकं काढून टेबलावर ठेवत होत्या. काहींच्या पानांत खूण म्हणून उसाची पात होती. अध्यक्ष एकेक पुस्तक उघडून शिक्का बघत होते. माणूस वाईट नव्हता; आपल्या हयातीत वाचनालय बुडू नये एवढीच त्यांची काळजी. मोजता मोजता त्यांनी काही पुस्तकं बाजूला सारली.

"ही आपली न्हाईत. बीडकडच्या कुठल्या गावचा शिक्का हाय. आन् आपली बरीच कमी भरतात."

त्यांनी हात पुढे केला. मुलीनं किल्ली काढून टेबलावर ठेवली. तिचा हात स्थिर होता.

"थांबा जरा," दारातून मुकादम म्हणाला. सगळी पुस्तकं त्याच्या नावावर, त्यामुळे सकाळपासून तोही धास्तावलेलाच होता. "त्या गावची टोळी आमच्या शेजारीच हुती. त्यांच्या मुकादमाचा नंबर हाय माझ्याकडं."

फोन लागला. त्या मुकादमानं दुसरा नंबर दिला. तो लावल्यावर एका वयस्क माणसाचा आवाज आला. तिकडच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. मुलीनं स्पीकर चालू केला.

"ताई, तुमच्या शिक्क्याची पुस्तकं हायेत माझ्याजवळ," ते घाईघाईनं म्हणाले. "माझी तुमच्याकडं आलीत का? मी बी टोळीला दिली हुती. आमच्याकडं बी मोजणी हाय. जेवण गोड लागंना मला."

मुलीनं बाजूला सारलेल्या गठ्ठ्यावर हात ठेवला.

"हायेत काका. सगळी जपून ठेवलीत. तुमी घाबरू नका."

तिची स्वतःची किल्ली टेबलावर पडली होती आणि ती दुसऱ्याला धीर देत होती. माझे डोळे भरून आले. चष्मा पुसायच्या निमित्तानं मी खिडकीकडे गेले.

अध्यक्ष म्हणाले, "म्हंजी तिकडंबी कुनीतरी ह्योच उद्योग केलाय." त्यांनी किल्ली बोटानं तिच्याकडे सरकवली. "त्यांची पोचव, आपली घिऊन ये. मोजणी मंग करू. आन् पुढल्या दिवाळीला मुकादमाच्या नावावर न्हाई. ज्याचं त्याच्या नावावर."

मुकादम सगळ्यात मोठ्यानं हसला.

बाहेर पायरीवर तिची आई बसली होती. माझ्यासाठी तिनं उसाची मोळी आणली होती. मोळीमागून तिनं तो लहान कोयता काढला. मूठ अजून पांढरीच होती. ती ऊस सोलू लागली.

"हिच्यासाठी घेतला हुता," ती मान वर न करता म्हणाली. "आता घरी ऊस सोलाया झाला."

आणि पहिलं कांडकं तिनं माझ्या हातात दिलं.