एकोणसत्तर किलो तीनशे

सतरा एप्रिल, गुरुवार, दुपारी बारा चाळीस. सिहोऱ्याच्या पुढच्या एका गावातलं सरकारी गहू खरेदी केंद्र. वजन एकोणसत्तर किलो तीनशे ग्रॅम.

हे वजन गव्हाचं नाही. माझं आहे.

हजर होते ते असे. गहू खरेदी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष, ज्यांना तिकडे सगळे भैयाजी म्हणतात. काटे तपासणारे सरकारी साहेब. दोन हमाल. ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभे असलेले शेतकरी, मी मोजले तेव्हा तेवीस. आणि मी, काट्यावर मांडी घालून.

मी काट्यांचा मिस्त्री आहे. जबलपुरात दीक्षितपुऱ्यात घर, चेरीतालला दुकान, वय एक्कावन्न. वजनकाटे दुरुस्त करायचा सरकारी परवाना आधी वडिलांकडे होता, आता माझ्याकडे आहे. तो दर वर्षी नवा करावा लागतो आणि त्यावर या साहेबांची सही लागते. सही नाही तर दुकान बंद.

त्या दिवशी मला समितीनेच बोलावलं होतं. एका काट्याचे आकडे नाचत होते. तार सैल होती, बदलली, आकडे थांबले. मग मी सवयीने माझं वीस किलोचं सरकारी मुहर असलेलं वजन पिशवीतून काढून काट्यावर ठेवलं. एकोणीस किलो आठशे. मग केंद्रावरचंच दुसरं वीस किलो ठेवलं. एकोणचाळीस सहाशे. म्हणजे शंभराला एक किलो कमी. बिघडलेला काटा असा शिस्तीत चुकत नाही. त्याला कोणीतरी तसं बसवावं लागतं. मी सील पाहिलं. जागेवर होतं, पण त्याची तार नवी, चकचकीत होती. काटा जुना, तार नवी.

हिशेब सरळ आहे. पोत्यात पन्नास किलो गहू आणि रिकाम्या पोत्याचे सहाशे ग्रॅम. पडद्यावर पन्नास सहाशे येईपर्यंत हमाल गहू ओततो. या काट्यावर तो आकडा येतो तेव्हा पोतं एक्कावन्न किलोच्या वर गेलेलं असतं. दर पोत्यामागे अर्धा किलो. फळ्यावर सकाळपासूनची पोती लिहिली होती, सातशे. साडेतीन क्विंटल, जेवणाच्या सुट्टीच्या आत.

मी एवढंच म्हणालो, "भैयाजी, ये काँटा कम बता रहा है। सही कर दूँ?"

चोर हा शब्द मी वापरला नाही. माझ्या डोक्यातही तो नंतर आला.

भैयाजी मांडवात कूलरसमोर बसले होते. उठले नाहीत. "तुमको काँटे का इलाज करने बुलाया था, मिस्त्री। हमारा नहीं।" मग रांगेकडे बघून मोठ्याने, "अच्छा चलो, पहले इसका ईमान तौलो। देखें कितने किलो का है।"

हमालांनी मला दोन्ही खांद्यांना धरून काट्यावर बसवलं. माझा एक पाय बाहेर राहिला. भैयाजी म्हणाले, "पैर अंदर। बोरी कभी पैर निकालती है?" रांग हसली. सगळी नाही, पण मी तोंडं मोजली नाहीत.

पोतं तोललं की त्यावर छापा मारतात. पत्र्याचा कोरलेला तुकडा ठेवायचा आणि वरून निळ्या शाईचा बोळा फिरवायचा. समितीचा नंबर, पिकाचं नाव, हंगाम. भैयाजी म्हणाले, "छापा भी मारो। बिना छापे का माल गोदाम नहीं लेता।" हमालाने माझ्या पाठीवर पत्रा ठेवला आणि शाई फिरवली. शाई गार होती. एवढ्या उन्हात ते अंगाला बरं वाटलं. बरं वाटलं याची लाज मला अजून वाटते.

त्या काट्याला परची, म्हणजे वजनाची चिठ्ठी, छापायची छोटी मशीन जोडलेली आहे. हमालाने बटण दाबलं, परची फाडून माझ्या खिशात कोंबली. "ले भैया, अपनी परची। संभाल के रखना।"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब इंदूरचे, मराठी. तीन वर्षांपूर्वी बदलून आले तेव्हा स्वतः माझ्या दुकानात आले होते. "वा, जबलपुरात आपलं माणूस," म्हणाले. मी चहा मागवला. त्यांनी आडनाव विचारलं, मी सांगितलं. चहा तसाच राहिला. त्या दिवसापासून 'तुम्ही'चं 'तू' झालं. मी ते चालवून घेतलं. म्हटलं, 'तू' तर 'तू', मराठीत तर बोलतात.

साहेबांनी मोबाइलमधून डोकं वर काढलं. "जाऊ दे रे," म्हणाले, "गंमत करताहेत."

तिथे मराठी समजणारे आम्ही दोघंच होतो. भैयाजींचं बोलणं सगळ्यांसाठी होतं. हे फक्त माझ्यासाठी.

मी पिशवी उचलली आणि चालत रस्त्याला लागलो. सिहोऱ्याच्या बस अड्ड्यावर येईपर्यंत डोक्यात काहीच नव्हतं. तिथे तिकिटाचे पैसे काढायला खिशात हात घातला आणि ती परची हाताला लागली. वाचली. वजन ६९.३००, वेळ, काट्याचा नंबर.

आता वडिलांची एक पद्धत सांगतो. दुकान उघडलं की आधी मुहरबंद वजनं ठेवून आपला काटा पाहायचा, मग त्याच काट्यावर स्वतः उभं राहायचं आणि आकडा वहीत टाकायचा. मिस्त्रीने स्वतःचं वजन रोज माहीत ठेवावं, म्हणजे परगावी गेल्यावर एक वजन बरोबर राहतं, असं ते म्हणत. मीही अठ्ठावीस वर्षं तेच करतो. त्या सकाळी कपड्या-बुटांसकट माझं वजन सत्तर किलो होतं.

माणसाचं वजन दिवसात खालीवर होतं हे मलाही कळतं. म्हणून अड्ड्यासमोरच्या किराणा दुकानात गेलो. त्यांचा काटा मीच मार्चमध्ये नीट करून मुहर करवून दिला होता. पिशवी बाजूला ठेवून त्यावर उभा राहिलो. एक वाजून पस्तीस मिनिटं. सत्तर किलो. दुकानदाराकडून ते कागदावर लिहून घेतलं, सही घेतली.

सही करताना तो म्हणाला, "भैया, पीठ पे ये क्या छपा है?"

"माल हूँ," मी म्हणालो. "सात सौ ग्राम सरकार रख चुकी है।"

तो हसला. मीही हसलो असेन. पण बसमध्ये बसल्यावर मला नीट कळलं की त्यांनी काय केलं होतं. माझी टर उडवायच्या नादात त्यांनी स्वतःच्या खोट्या काट्याचा पुरावा छापून माझ्या खिशात घातला होता.

घरी पत्नीने पाठ पाहिली आणि शर्ट काढायला लावला. तिचं माहेर अकोल्याचं. बादलीत टाकणार, एवढ्यात मी म्हणालो, "धुऊ नको."

"काहून? असाच ठेवून राहिले का आता?"

"हो."

दुसऱ्या दिवशी त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात तक्रार दिली. अर्ज घेतला, पोच दिली नाही. चार दिवसांनी साहेबांचा फोन आला. आवाज गोड. "अहो, तुम्ही कशाला एवढं मनावर घेता? उद्या ठाण्यात या. राजीनामा करून टाकू. आणि येताना ती परची आणा बरं."

'तुम्ही' ऐकल्यावर मला परचीची किंमत कळली.

जेवताना मी पत्नीला सांगितलं, "राजीनामा मागून राहिले."

तिने पोळी तशीच हातात धरली. "राजीनामा? कायचा? तुमी कोणत्या नोकरीत आहा?"

मी तिला समजावलं. इकडे कोर्टात, ठाण्यात राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं नाही. दोन्ही बाजू राजी झाल्या, आता तक्रार नाही, असं लिहून द्यायचं, त्याला राजीनामा म्हणतात. ते पाकीट देणार, मी सही करणार, परची देणार, आणि परवान्याचं नवीनीकरण अडणार नाही.

"मंग तेच झालं ना," ती म्हणाली. "नोकरी नाही तं दुसरं काहीतरी सोडूनच राहिले ना तुमी. काय सोडता ते सांगा. परची, का शर्ट, का तो काटा?"

परवाना गेला तर घर कशावर चालेल, ते तिलाही माहीत होतं. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. तरी तिने तो प्रश्न मागे घेतला नाही.

ठाण्यात टेबलावर खोव्याच्या जिलब्यांचा डबा उघडा होता. ठाणेदार, भैयाजी, साहेब, तिघांनी त्यातून खाल्लं होतं. कागद तयार होता. दोनों पक्षों में आपसी राजीनामा हो गया है, प्रार्थी को कोई शिकायत नहीं. शेजारी पाकीट. साहेब म्हणाले, "बसा ना. अकरा हजार आहेत, मोजून घ्या. आपलं ठरलंय ना?"

माझे वडील म्हणायचे, विकणारा आणि घेणारा यांच्यात भांडण होऊ नये म्हणून मध्ये तिसरा माणूस लागतो. तो तिसरा म्हणजे सरकार. म्हणून वजनावर मुहर. मी ती मुहर आयुष्यभर डोक्याला लावली. त्या टेबलापुढे उभं राहून मी प्रथमच विचार केला की गहू घेणारं सरकार, काटा तपासणारं सरकार, तक्रार ऐकणारं सरकार, आणि तिघं एकाच डब्यातून खातात. मग मधला माणूस कोण? मधे मीच होतो, मांडी घालून.

मी म्हणालो, "साहब, हमारी भाषा में राजीनामा नौकरी छोड़ने को कहते हैं। मेरी तो नौकरी ही नहीं है। छोड़ने को ये एक परची है, और ये मैं नहीं छोड़ूँगा।"

भैयाजींनी बोटं पुसली. "मिस्त्री, लाइसेंस तो है ना?"

"है।"

"बस, याद रखना।"

बाहेर येऊन मी परचीच्या चार नकला काढल्या. नंतर वरच्या कचेरीत अर्ज, नंतर आणखी वर. वीस दिवसांनी काट्याची तपासणी झाली. अहवाल आला, तौल सही पाया गया. वीस दिवस मिळाले होते; काटा सरळ करायला वीस मिनिटं पुरतात, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार. माझा परवाना 'विचाराधीन' झाला. तीन महिने दुकानात फक्त वजनं पुसत बसलो.

मग मी माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून त्या काट्याचे कागद मागितले. ते आले, आणि इथे मला स्वतःबद्दल लिहावं लागतं.

त्या काट्याला हंगामाच्या आधी प्रमाणपत्र मिळालं होतं. दुरुस्ती करणाऱ्याच्या रकान्यात माझा परवाना नंबर आणि माझी सही. सही खरी होती. तो काटा मी त्या गुरुवारच्या आधी कधी पाहिला नव्हता, तरी सही खरी होती. कारण दर मार्चमध्ये साहेब बारा कोरे फॉर्म पाठवायचे. "सही करून ठेव रे, धावपळ असते." मी करायचो. मी, जो किराणा दुकानात आपलं वजन कागदावर लिहून घेतो, तो तीन वर्षं कोऱ्या कागदावर सही करत होतो. हिंदीत कोणी मागितली असती तर मी दिली नसती. मराठीत मागितली म्हणून दिली.

म्हणजे काटा पकडला गेला असता तर चोर आधीच ठरलेला होता. परचीतला चोर ते, फॉर्मवरचा मी.

वकिलाने सांगितलं, कोऱ्या फॉर्मचं बोलू नका, अडकाल. पत्नी म्हणाली, "लपवून ठेवाल तं ते पकडून ठेवतीन तुमाले." मी नवा जबाब लिहिला. पहिल्या परिच्छेदात माझी चूक, तीन वर्षं, छत्तीस फॉर्म. दुसऱ्यात त्यांचा काटा. सोबत परचीची नक्कल, किराणा दुकानाचा कागद, वहीचं पान, शर्टाचा फोटो.

पहिल्या परिच्छेदावर सोळा दिवसांत कारवाई झाली. दुसरा चौकशीत आहे. साहेबांची बदली झाली आहे, स्वतःच्या गावी, इंदूरला. भैयाजी अध्यक्ष आहेत. छापा, काटा, मांडव, सगळं जागेवर आहे.

दंड भरल्यावर परवाना नवा झाला. कायद्याने तो रोखता येत नव्हता. आता माझ्या दुकानापुढे फळीवर वीस किलोचं मुहरबंद वजन ठेवलेलं असतं. कोणीही येऊन आपला काटा त्यावर पडताळावा, पैसे नाहीत. खरेदी केंद्रावर जाण्याआधी गावागावांतले लोक येऊन माझ्या काट्यावर स्वतःचं वजन पाहून जातात, तिथल्या काट्याशी ताडायला. कोणत्याही भाषेतला कोरा कागद मी आता वाचतो, उलटा करून वाचतो, आणि परत करतो. एप्रिलमध्ये मी पुन्हा त्या केंद्रावर जाणार आहे. कोणी बोलावलेलं नाही. रांगेत उभा राहीन, काट्यावर चढेन आणि परची मागेन. मांडी घालणार नाही. शर्ट तोच घालीन.

या प्रकरणात आजवर भरलेली दंडाची रक्कम एकूण दोन हजार पाचशे रुपये. चलनाने, शासनाच्या खात्यात. भरणारा एकटा मी.