एक माणूस जास्त होतो

मैत्रिणींनो, आत्ताच घरी आलेय.

चर्चच्या सणासाठी जुना फोटो हवा होता, म्हणून मी घरातला दिला. सव्वाशे वर्षांपूर्वीचा मुलांचा गायनवृंद. मधे खुर्चीत फादर. अगदी कडेला व्हायोलिन घेऊन उभे माझे पणजोबा. गावातल्या सगळ्या पोरांना गाणं त्यांनीच शिकवलं. प्लेगच्या साथीत ठाण्याहून कल्याणपर्यंत चालत जाऊन मयतांना वाजवायचे. त्याच साथीत ते गेले, तेव्हा त्यांच्या मयताला एकही विद्यार्थी आला नाही. त्यांचा हा एकच फोटो.

आज चर्च कमिटीच्या सेक्रेटरीबरोबर फ्रेमवाल्याकडे गेले. फ्रेम सेक्रेटरीने आधीच घेऊन ठेवलेली.

"यात एक माणूस जास्त होतो," फ्रेमवाला म्हणाला.

"मग कडेचा काढ ना," सेक्रेटरी म्हणाला. " फादरना थोडीच काढणार! चालेल ना, आंटी?"

चारचौघांत नाही म्हणू नये, हे आम्हाला नन्सनी शिकवलेलं. "चालेल," मी म्हणाले. कात्री फिरली तेव्हा कुठे जीभ हलली. "अहो, ते माझे पणजोबा होते!"

"मग आधी सांगायचं ना, आंटी! घ्या, तुमच्याकडेच ठेवा."

पणजोबा आता माझ्या पर्समध्ये आहेत. फ्रेममध्ये त्यांच्या व्हायोलिनचा गज तेवढा राहिलाय, मुलांच्या डोक्यांवर.

त्यांच्या मयताला न आलेल्यांचा मला आयुष्यभर राग होता. आज मी तर तिथे हजर होते, आणि 'चालेल' म्हणाले. तुम्ही काय म्हणाला असतात?